बाबासो कोथळ्यांचा डावा डोळा

"हार बाहेर! अहो बाबासो, आत कुठं निघालात? हार बाहेर ठेवा आधी!"

मी एवढ्या जोरात ओरडले की जिन्यातली नर्स थबकून वर बघायला लागली. बाबासो कोथळे मात्र दारात हसत उभे होते. हातात भलामोठा झेंडूचा हार, मधे मधे आंब्याची पानं ओवलेली, कपाळाला गंध आणि डाव्या डोळ्यावर दवाखान्याची हिरवी पट्टी.

"मॅडम, खंडेनवमी हाय आज. दरसाल गाडीला हार घालतो. औंदा हातात गाडी न्हाई. म्हटलं, ज्या पेटीत माझा डोळा वाढतोय, तिलाच घालावा."

मला हसूही आलं आणि अंगावर काटाही आला.

"पेटीला हळदीचं बोटसुद्धा चालत नाही, बाबासो. आमच्या खोलीची पूजा दाराबाहेर असते. तो बघा पाट मांडलाय."

"ऱ्हायलं. बाहीर तर बाहीर." त्यांनी हार मुकाट्यानं दाराच्या कडीला अडकवला आणि वर मलाच चिडवलं, "मॅडम, तुमच्या घरात देव तरी आत असत्यात का, का त्यास्नी बी उंबऱ्याबाहीर बसवता?"

मिरजेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात, अगदी वरच्या मजल्यावर, पेशी वाढवायची ही खोली होती. पेटी म्हणजे पेशींच्या बशा उबेत ठेवायचं बंद कपाट. मी तिथं संशोधन करायची आणि खोलीची सगळी जबाबदारी माझ्यावर असायची. आता मी गडहिंग्लजला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. त्या दवाखान्यात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही आणि टाकणारही नाही. पण तेव्हा त्या खोलीवर माझा जीव होता.

खंडेनवमीला दवाखान्यात ऑपरेशनच्या दिव्यापासून जनरेटरपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. माझं त्याच्याशी काही वाकडं नाही. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर होते. मागाची पूजा झाल्याशिवाय त्या दिवशी आमच्या घरी कुणी घास तोंडात घालत नसे. पण फुलांवर बुरशीचे कण असतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, आणि एक कण जरी पेशींच्या बशीत पडला तरी सगळं मुसळ केरात. म्हणून मीच पद्धत पाडली होती. दाराबाहेर पाट मांडायचा, त्यावर धुतलेल्या रिकाम्या काचेच्या बशा ठेवायच्या, त्यांना हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. आत फूल नाही, उदबत्ती नाही, चप्पल नाही. शिपायापासून आमच्या सरांपर्यंत सगळ्यांना हे पाठ होतं.

बाबासो एसटीचे ड्रायव्हर. सांगली-पणजी गाडी घेऊन आंबोलीच्या घाटातून उतरायचे. घाटातली वळणं ते मला हातानं हवेत स्टेअरिंग फिरवून दाखवायचे. तंबाखूसाठी चुन्याची पुडी दातानं फोडायला गेले आणि चुना उडाला तो थेट डोळ्यात. "पाणी सापडंस्तवर कार्यक्रम आटोपला हुता मॅडम," असं सांगायचे. तंबाखूला त्या दिवसापासून कानाला खडा.

चुन्यानं बुबुळाची कड जळून गेली होती. बुबुळावरचा पातळ थर ज्या पेशी सारखा नव्यानं घडवत असतात, त्या नेमक्या त्या कडेला राहतात. त्या मेल्या की डोळ्यावर पांढरट पडदा चढतो. बाबासोंना डाव्या डोळ्यानं फक्त उजेड आणि अंधार कळायचा. एका डोळ्यावर एसटीचं स्टेअरिंग कोण देणार? त्यांना डेपोत टायरच्या कामाला बसवलं होतं, आणि त्याचं त्यांना भारी लागलं होतं.

आमचा उपाय असा होता. चांगल्या उजव्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी जेलवर वाढवायच्या आणि तयार झालेला थर जेलसकट डाव्या डोळ्यावर बसवायचा. हे जेल म्हणजे पॉलिमरचं जाळं, पोटात पाणीच पाणी. हाताला खरवसाच्या वडीसारखं लागतं. वेलाला जसा मांडव, तसा पेशींना तो आधार. घट्ट झालं तर पेशी हातपाय पसरत नाहीत, सैल झालं तर रुतून बसतात. ते मधलं साधण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती.

"म्हंजे भाताच्या रोपांवानी माझ्या डोळ्याचा तरवा टाकलाय म्हणा की," बाबासो म्हणाले होते. "लावणीला कवा काढायचा?"

"दिवाळीच्या आत."

"मग पाडव्याला गाडीवर!"

"एवढी घाई नको. आणि एक ध्यानात ठेवा, उजव्या डोळ्याला पुन्हा पुन्हा हात लावता येत नाही. तुमचा तेवढाच धड आहे. काही बिघडलं आणि दुसऱ्यांदा तुकडा घ्यायचा झाला, तर नीतिसमितीची परवानगी लागते."

"बिघडतंय कशाला? तुमी हायसा की."

तर त्या खंडेनवमीला हार कडीला अडकवून बाबासो बाकावर बसले. खालून ऑफिसच्या पूजेचं बोलावणं आलं म्हणून मी खोलीला कुलूप लावून खाली गेले. आरती झाली, पेढा हातात पडला, आणि मी बाबासोंसाठी आणखी एक पेढा मागून घेऊन वर आले.

खोलीचं दार सताड उघडं होतं. उदबत्तीचा वास जिन्यापर्यंत येत होता.

आत आमचे सर, डॉ. निरंजन हुपरीकर, मोबाइल धरून उभे होते. दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असायची. समोर बाबासो, पायात चपला, दंडावर तो झेंडूचा हार, आणि दोन्ही हातांत पेशींच्या दोन बशा. झाकणं काढून टेबलावर ठेवलेली. मागं पेटीचं दार आ वासलेलं आणि त्याच्या कडीला पेटलेली उदबत्ती खोचलेली.

"सर! झाकणं!"

"अगं, झाकणावर उजेड चमकतो. फोटोत आतलं काही दिसत नाही," सर मोबाइलमधून डोळा न काढता म्हणाले. "दोन सेकंद. बाबासो, जरा वर धर. हस की रे, तुझाच डोळा आहे!"

बाबासो हसले. फोटो निघाला.

मी बशा हिसकावून झाकल्या, पेटीत ठेवल्या, उदबत्ती खिडकीबाहेर फेकली आणि तोंडाला येईल ते बोलले. सरांना बोलले. गुरू म्हणून नाही, मोठे म्हणून नाही, काही बघितलं नाही. सर हसत राहिले.

"सुलक्षणा, तुझी जीभ म्हणजे कोल्हापुरी मिरची. काही होत नाही. परिषदेत नुसते आलेख कोण बघतो? माणूस दिसला पाहिजे. हार, गंध, हातात स्वतःच्याच पेशी. बघ तरी काय झालाय फोटो!"

मी बघितला नाही. सरांचा हात सोन्याचा होता, हे मी आजही म्हणेन. त्यांच्याइतकी हलकी सुरी मी पाहिली नाही. पण कौतुकाची भूक अशी, की ताटातलं संपलं तर दुसऱ्याच्या पानात हात घालतील.

दोन-तीन दिवसांनी पहिल्या बशीत कडेला पांढरा ठिपका दिसला. मी डोळे चोळले, भिंगाखाली धरला. शिळ्या भाकरीवर येतो तसला लोकरीसारखा पुंजका. दुसऱ्या बशीतही तेच. औषधं घातली, पाणी बदललं, पण बुरशीनं एकदा जाळं धरलं की ती जेलच्या आतपर्यंत शिरते. जो मांडव मी पेशींसाठी घातला होता, त्यावर तीच चढत गेली. शेवटी मी स्वतःच्या हातानं दोन्ही बशा उकळत्या वाफेत टाकल्या आणि तिथंच खुर्चीवर बसून रडले. मला रडायला लाज वाटत नाही.

मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तो हार. हारातूनच आली असणार. या लोकांना कितीदा सांगायचं, आत काही आणू नका म्हणून."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी कानांनी ऐकल्या.

नीतिसमितीची बैठक ठरली. दोनच प्रश्न होते. काय झालं, आणि बाबासोंच्या उजव्या डोळ्यातून पुन्हा तुकडा घ्यायचा की नाही. मी बाबासोंना कँटीनमध्ये गाठलं. बातमी त्यांना सरांनी आधीच दिली होती. चेहरा उतरला होता, पण चहा मात्र त्यांनीच सांगितला.

"हे बघा, चूक तुमची नाही," मी म्हटलं. "तुम्ही हार कडीला लावला होता. आत नेला कुणी?"

"सरांनी. म्हनले, घे तो हार, ये आत."

"झाकण कुणी काढलं?"

"त्यांनीच. उदबत्ती बी त्यांनीच लावली. म्हनले, फोटोत धूर बरा दिसतोय."

"मग बैठकीत एवढंच सांगायचं. झालं तसं. जास्त नाही, कमी नाही."

"सांगतो की. मी कशाला भितोय? खऱ्याला काय मरान हाय?"

बैठक खालच्या मजल्यावरच्या लांब खोलीत होती. अध्यक्ष होत्या उपाध्ये मॅडम, एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. बाकीचे तिघे-चौघे समोरच्या बिस्किटांकडे बघत बसले होते. मॅडमनी आधी मला विचारलं. मी पाट मांडण्यापासून उदबत्तीपर्यंत सगळं सांगितलं, आणि सरांच्या तोंडाकडे बघून सांगितलं.

सर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढून मॅडमपुढं ठेवला.

"या सुलक्षणा मगदूमबाईंचा माझ्यावर राग आहे, त्यात मी पडत नाही. मी खालची पूजा आटोपून वर आलो, तर दार उघडं आणि हा गृहस्थ आत. कुलूप नीट लागलं नसावं. पुढं प्रश्न निघेल म्हणून पुरावा म्हणून मी फोटो काढून ठेवला. हा बघा."

फोटोत हार होता, चपला होत्या, हातात उघड्या बशा होत्या, आणि बाबासो बत्तिशी दाखवून हसत होते. काढणारा फोटोत कसा दिसणार?

"मॅडम, चोरी करताना पकडलेला माणूस फोटोसाठी असा हसतो का?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "त्यांनाच विचारा ना. बाहेरच बसलेत."

बाबासोंना आत बोलावलं. इस्त्रीचा खाकी शर्ट घालून आले होते. सगळ्यांना हात जोडून झाल्यावर मॅडमनी विचारलं, "कोथळे, घाबरू नका. त्या दिवशी आत तुम्हाला कुणी नेलं?"

बाबासोंनी एकदा सरांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

"कुणी न्हाई बाई. मीच गेलो."

"आणि बशा?"

"मीच काढल्या. झाकनं बी मीच काढली. हौस वाटली, आपला डोळा कसा दिसतोय बगावा. सर नंतर आले."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. "बाबासो! कँटीनमध्ये काय सांगितलंत मला?"

"ह्या मॅडम तवा तितं नव्हत्या," ते खाली बघून म्हणाले. "त्यास्नी ठाऊक न्हाई. त्या खोटं बोलत्यात."

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. चार माणसांत त्या माणसानं मला खोटं पाडलं. त्या क्षणी वाटलं, बरं झालं तुझा डोळा गेला ते! असं वाटलं ते वाटलं. लपवून काय करू?

मॅडमनी बाबासोंना बाहेर बसायला सांगितलं. दार लागल्यावर त्या म्हणाल्या, "हे बघा, प्रयोगशाळेची चूक असती तर गोष्ट वेगळी होती. मग या माणसाला दुसरी संधी देणं आपलं कर्तव्यच झालं असतं आणि मी ती दिली असती. पण रुग्ण स्वतःच नियम मोडणारा निघाला, तर त्याचा एकुलता एक चांगला डोळा पुन्हा धोक्यात घालायला मी सही करणार नाही. उद्या पट्टी काढून बोट घालेल! प्रयोगातून यांचं नाव कमी करा. हुपरीकर, तुमचं काय म्हणणं?"

सरांनी मान खाली घातली. "आपण म्हणाल तसं, मॅडम."

एवढंच. बाबासोंच्या बाजूनं एक शब्द त्यांनी काढला नाही.

"मॅडम, तो माणूस खोटं बोलतोय!" मी उठून उभी राहिले.

"स्वतःच्या विरुद्ध कुणी खोटं बोलतं का, मगदूमबाई?"

मला खरंच कळत नव्हतं, तो असं का बोलला.

बाहेर आले तर बाबासो बाकावरून उठून माझ्याकडेच आले, आणि चेहरा असा, की काम फत्ते झालंय.

"मॅडम, राग मानू नका. पायाला हात लावतो. नाइलाज हुता बगा."

"कसला नाइलाज? मला खोटं पाडून काय मिळवलंत?"

त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "सकाळी सरांनी केबिनमधे बोलावलं हुतं. म्हनले, मगदूमबाईंचं खरं धरलं तर समिती ह्या खोलीला कुलूप लावंल. मग तुझा डोळा कुनी करायचा? तू म्हन माझी चूक झाली, म्हंजे खोली चालू ऱ्हाती, आन् पुढल्या म्हैन्यात मी परत तुकडा घेतो. मी इचार केला, चूक माझी म्हनली तर डॉक्टर परत हात लावतील. डॉक्टरची चूक म्हनली तर कुठला डॉक्टर मला हात लावंल? तुमास्नी खोटं पाडलं, त्ये पाप माज्या माथ्यावर. डोळा झाला की तुमच्या घरी येऊन माफी मागतो." मग थांबून म्हणाले, "तारीख काय ठरली? दिवाळीनंतर का?"

माझा सगळा राग पाण्यासारखा ओसरला. राग असता तर बरं झालं असतं, सांगायला सोपं गेलं असतं.

"बाबासो, तारीख नाही ठरली. तुमचं नाव काढून टाकलं."

"कशातनं?"

"प्रयोगातून. तुम्ही चूक कबूल केलीत म्हणून. सरांची चूक निघाली असती तर दुसरी संधी मिळणार होती. तसं मॅडम स्वतःच्या तोंडानं म्हणाल्या."

ते हसले. खरंच हसले. "मॅडम, तुमी माज्यावर रागावलाय. रागाच्या भरात बोलताय. आसू दे, तुमचा हक्क हाय."

"मी खोटं कशाला बोलू?"

बोलले आणि माझं मलाच कळलं, थोड्या वेळापूर्वी आत त्यांनीच मला खोटं ठरवलं होतं. बाबासोंनी नजर वळवली आणि परत बाकावर जाऊन बसले. मी किती सांगितलं, हात जोडून सांगितलं, ते आपले मान हलवत राहिले. "सर येऊ देत. सर सांगतील तारीख."

सर बाहेर आले. बाबासो उठून अदबीनं उभे राहिले.

"नाही म्हटलं रे समितीनं," सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नियमच तसा आहे. तूच कबूल केलंस म्हटल्यावर मी तरी किती भांडणार?"

"पर सर, सकाळी तुमीच..."

"मी प्रयत्न केला, बाबासो. माझ्या हातात असतं तर उद्याच केलं असतं." घड्याळ बघितलं. "खाली पेशंट थांबलेत. थेंब घालत राहा." आणि जिना उतरून गेले.

बाबासो कितीतरी वेळ जिन्याकडे बघत उभे होते. पट्टीखालून डाव्या डोळ्याचं पाणी गालावर आलं होतं. त्या डोळ्यातून तसंही सारखं पाणी यायचं. मग ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तुमी परत आत जाऊन सांगा की. मघाशी सांगत हुता ते. ते खरं हाय म्हनून सांगा. मी बी येतो."

आम्ही दोघं आत गेलो. बाकीचे निघून गेले होते. उपाध्ये मॅडम चष्मा पुसून डबीत ठेवत होत्या. मी तोंड उघडायच्या आत बाबासोच पुढं झाले आणि सगळं बोलून गेले. हार, किल्ली, उदबत्ती, सकाळची केबिन, सगळं. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही.

"कोथळे," त्या शेवटी म्हणाल्या, "अर्ध्या तासापूर्वी तुम्ही इथंच उभं राहून म्हणालात, या बाई खोटं बोलतात. आता म्हणता, खरं बोलतात. तुम्ही कोणत्या वेळी खोटं बोललात, ते मी कसं ओळखायचं?"

"डोळ्यासाठी बोललो, बाई," बाबासो म्हणाले. "दोन्ही येळंला."

"मग दोन्हीतलं काहीच धरता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांनी पर्स उचलली आणि जाता जाता शिपायाला पंखा बंद करायला सांगितलं.